बाराव्या दिवशी काढलेले टेकू

मी एक शाळा आहे. दोन खोल्यांची, पुढे व्हरांडा असलेली. त्यातली एक खोली आता उरलेली नाही, आणि उद्या राहिलेलं पाडायला माणसं येणार आहेत. माझ्या देखत जे घडलं ते कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं, एवढ्यासाठी आज बोलतेय.

रस्ता संपतो तिथून दोन तास चढलं की आमची वस्ती लागते. दूर कुठल्या तरी देशातल्या भल्या माणसांनी माझ्यासाठी देणग्या दिल्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी त्यांना नाही. पण त्यांच्या मायेबद्दल मला कधी शंका आली नाही. सिमेंटची पोती खेचरांवरून आली, वाळू बायकांनी डोक्यावरून वाहिली, आणि मला उभं केलं ते वस्तीतल्या एकुलत्या एक गवंड्याने.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बोलणं मोजकं, काम चोख. ओळंबा लावून झाला तरी भिंतीला गाल टेकवून, एक डोळा मिटून तो पुन्हा बघायचा. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण अंगाने बारीक आणि डोक्यावर सदा काहीतरी ओझं. माझ्या भिंतींना पाणी मारायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. झरा खाली दरीत. एका हंड्याला पाऊण तास लागायचा.

"बाबा, ही किती पाणी पिते हो!"

"पिऊ दे. लहानपणी अंगी लागतं तेच पुढे टिकतं," मिस्त्री म्हणायचा.

काम बघायला, देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेचा एक साहेब होता. माणूस वाईट नव्हता. नखं कुरतडत मागच्या खडकावर उभा राहायचा, कारण फोनला रेंज तेवढ्याच जागी यायची. दुसऱ्या खोलीचा स्लॅब ओतून बारा दिवस झाले होते, त्याला खालून लाकडी टेकू लावलेले होते. त्या दिवशी तो खडकावरून घाईघाईने खाली आला.

"मिस्त्री, टेकू काढून घ्या. देणगीदार पाहुणे परवाच येतायत."

"साहेब, बाराच दिवस झालेत. अजून दहा दिवस तरी हात लावायला नको."

"खोलीभर लाकडं उभी दिसली तर काम अर्धवट वाटेल. मग शिकवणाऱ्या बाईंची नेमणूक पुढच्या वर्षावर जाईल. बसा मग वाट बघत."

मिस्त्रीने दाराबाहेर पाहिलं. मुंगी हंडा उतरवून मान चोळत उभी होती. मग त्याने हातोडा उचलला. टेकूंना मात्र त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक करून स्वतः काढले. शेवटचा निघाला तेव्हा मी किंचित कुरकुरले. त्याने झटकन वर पाहिलं. मी गप्प झाले, आणि त्यानेही ऐकलं नाही असं स्वतःला पटवलं.

पाहुणे आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या भिंतीवर हात ठेवून डोळे पुसले. तो स्पर्श खोटा नव्हता.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. साठ मुलं आणि एकच बाई. मोठ्यांना त्या पहिल्या खोलीत शिकवायच्या; दुसऱ्या खोलीत लहानग्यांना मुंगी सांभाळायची. स्वतः आत्ताच शिकलेली अक्षरं ती असल्या थाटात शिकवायची, की जणू तिनेच शोधून काढलीत!

दुसऱ्या वर्षी माझ्या छताला सुतासारखा तडा गेला. बाईंनी खोलीला कुलूप लावलं आणि संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आमचं काम बांधण्याचं, दुरुस्ती वस्तीने बघावी. शिवाय आणखी एक ओळ होती: एकच खोली वापरात असेल तर शाळेला मदत चालू ठेवायची की नाही, याचा विचार करावा लागेल.

बाईंनी मिस्त्रीला बोलावून ते पत्र वाचून दाखवलं. तो बराच वेळ मान वर करून उभा होता.

"मिस्त्री, खरं सांगा. मुलं बसवू का इथे?"

खरं सांगायचं तर बारावा दिवस सांगावा लागला असता.  

"गिलाव्याचा तडा आहे, बाई. आतून पक्की आहे."

कुलूप निघालं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझ्याकडे फक्त पोपडे होते, ते मी रोज खाली टाकत राहिले. आणि लहानगी घाबरतील म्हणून मुंगी ते रोज झाडून घ्यायची.

त्या दिवशीही ती तेच करत होती. मधली सुट्टी होती, मुलं सगळी अंगणात. तिने केर दाराकडे लोटला, कोपऱ्यातला राहिला म्हणून परत वळली. मी खूप जोर केला. जमलं नाही.

धूळ खाली बसली तेव्हा मिस्त्री हातांनी काँक्रीट उपसत होता. त्याला दोघांनी धरून बाजूला केलं.

मुंगी गेल्यावर आठ दिवसांनी साहेब कागद घेऊन आला. स्थानिक गवंड्याचा निष्काळजीपणा, असं त्यात लिहिलं होतं. बाई कडाडल्या, "बांधताना तुम्हीच इथे देखरेखीला होतात ना! मग बोला की काहीतरी!" साहेबाने पेन पुढे केलं.

"राहू द्या, बाई," मिस्त्री म्हणाला. "हात माझेच होते. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटंही मीच बोललो."

त्याने सही केली. मुंगीची आई दारातच उभी होती. तिने ते तिथे पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून आज दुपारपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मिस्त्री चुकला. पण त्या कागदावर अर्धंच लिहिलंय, आणि उरलेलं अर्धं माहीत असलेले दोघं, साहेब आणि मिस्त्री, गप्प आहेत. म्हणून मी सांगितलं. दूरच्या भल्या माणसांनो, पुन्हा बांधाल तेव्हा फोटो मागण्याआधी बांधणाऱ्याला विचारा. आणि त्याने खरं सांगितलं तर त्याची शाळा जाणार नाही, एवढं त्याला कळू द्या.

आज दुपारी मिस्त्री आला आणि पडक्या खोलीत, लोंबणाऱ्या स्लॅबच्या तुकड्याखाली जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याची बायको आली.

"उठा तिथून. पडेल ते."

"पडू दे."

 ती पदर सावरत आत आली आणि त्याच्या शेजारी बसली.  त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा तिने त्याचा हात धरला.

वर सळ्या गंजल्यात, काँक्रीटचा भुगा होतोय. माझ्या अंगात जेवढं बळ उरलं होतं तेवढं एकवटून मी तो तुकडा धरून ठेवला. ती दोघं उठून पायवाटेवरून दिसेनाशी होईपर्यंत.