कै. कोंडाजी

भिकन गांगुर्डेने आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि तीही हजेरीपटाच्या सवयीने. आपल्याकडे शाळेत नाव लागतं ते आडनावापासून. गांगुर्डे भिकन कोंडाजी. आधी आडनाव, मग पोराचं, शेवटी बापाचं. १९७४ साली, नाशिकच्या एका कॉलेजात शिकवत असताना, कांद्याच्या टरफलाचा रंग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे लख्ख दाखवायची युक्ती त्याला सापडली. त्यावर त्याने चार पानांचा शोधनिबंध लिहिला आणि वर नावही तसंच टाकलं. विलायतेच्या मासिकाला हजेरीपट काय ठाऊक! त्यांच्याकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. छापून आलं ते जी. बी. कोंडाजी.

निबंध टाइप करून दिला होता रंगनाथने. रंगनाथ हा त्याचा एम.एस्सी.पासूनचा जिवाभावाचा दोस्त. पुढे तो त्याच कॉलेजात विभागप्रमुख झाला, तरी एकांतात दोघांचं अरेतुरेच चाले. छापील नाव पाहून दोघं पोट धरून हसले.

"बापाचं नाव काढलंस की रे!" रंगनाथ म्हणाला. "दुरुस्तीचं पत्र मी धाडतो. तू काळजी सोड."

भिकनने सोडली. का सोडू नये? सायखेड्याला गावकुसाबाहेरच्या भिकनच्या वस्तीत येऊन, कोंडाजीबाबांच्या मांडीला मांडी लावून, आई सुलाबाईच्या हातची बाजरीची भाकरी खाणारा तो वस्तीबाहेरचा पहिला पाहुणा होता. म्हातारा ती गोष्ट येईल त्याला सांगत असे.

दहा वर्षं गेली. भिकनच्या नावाने कुठून कधी पत्र आलं नाही. आपलं काम कुणाच्या कामाचं नाही, अशी त्याने समजूत घालून घेतली. रंगनाथ मात्र त्याच रंगावर पुढे लिहीत राहिला, जर्मनीला जाऊन आला. येताना त्याने भिकनसाठी पेन आणलं. भला माणूस!

१९८४ साली प्रपाठकाची जागा निघाली. भिकनचं वय उलटत चाललं होतं, ही शेवटचीच संधी. मुलाखतीला प्राचार्य होते, विभागप्रमुख म्हणून रंगनाथ होता आणि मुंबईहून आलेले एक तज्ज्ञ होते. कुणाच्या निबंधाचा आधार जगात कुणी कुणी घेतला, याची जाडजूड सूची मुंबईच्या ग्रंथालयात असते. ती पाहून त्यांनी वहीत टिपणं आणली होती.

"गांगुर्डे, तुमच्या नावावर एकही उल्लेख नाही."

"सर, नावात एक जुनी चूक झालीय. कोंडाजी या नावाखाली बघा."

तज्ज्ञांचा चेहरा उजळला. "कोंडाजी? त्वचारोगाचे डॉक्टर, शेतकीवाले, गिरण्यांतले कापडवाले, सगळे त्यांचाच आधार घेतात! एकशे बारा उल्लेख आहेत. पण ते तर वारले ना?"

"वारले?"

"एकोणऐंशीत मी स्वतः त्यांना पत्र घातलं होतं. इथूनच उत्तर गेलं. कोंडाजी वारले, पुढचा पत्रव्यवहार माझ्याशी करावा." त्यांनी शेजारी पाहिलं. "रंगनाथसर, सही तुमची होती."

कॉलेजचं सगळं टपाल विभागप्रमुखाच्या टेबलावरूनच पुढे जाई, हे भिकनला त्या क्षणी आठवलं. आपण कुठे बसलोय याचं भान त्याला राहिलं नाही.

"रंगनाथ, सांग ना रे यांना! तूच टाइप केलंस. कोंडाजी कोण, तुला माहीत नाही?"

रंगनाथने चष्मा पुसला. "गांगुर्डे, मुलाखतीत ही भाषा शोभत नाही." मग तज्ज्ञांकडे वळून म्हणाला, "कोंडाजी वेगळे, सर. हे तेव्हा प्रयोगशाळेत काचा धुवायला मदत करायचे."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तज्ज्ञ घुटमळले, पण प्राचार्यांनी घड्याळ पाहून पुढच्या उमेदवाराला हाक मारली. भिकनने खिशातलं जर्मन पेन काढलं, टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर पडला. घरी न जाता त्याने सायखेड्याची एस.टी. धरली.

कोंडाजीबाबा दारात लसणाच्या जुड्या बांधत बसले होते. "झालं का रं काम?"

"नाय झालं, बाबा. पण तुमचं नाव लय मोठं झालंय. डॉक्टर लोक, गिरणीवाले, सगळे कोंडाजीचं नाव घेत्यात."

म्हातारा दात नसलेल्या तोंडाने खुदखुदला. "माझं? मंग रंगनाथला सांगितलं का? लय खूश हुईल त्यो. घिऊन ये त्याला जेवाया."

भिकनला गप्प राहता आलं असतं. पण दहा वर्षं तो गप्पच राहिला होता. "त्याला ठाऊक हाय, बाबा. त्यानंच लिहून कळवलं, कोंडाजी मेला म्हणून. आन् आज म्हणाला, भिकन नुसता काचा धुवायचा."

म्हाताऱ्याच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"जेवाया आला व्हता ना त्यो," तो म्हणाला, "त्या दिशी तुझ्या आईला उष्ट्याला हात लावू दिला नाय मी. त्याचं ताट म्या सोता धुतलं व्हतं."