देवाची वेल

"अव्वा, ही पन कापू का?" करवत हातात घेऊन शिवकुमारनं आईला विचारलं, तेव्हा चन्नम्मा विहिरीकडच्या वेलीपुढं आडवी उभी राहिली.

"हिचा पयला घड गड्ड्याच्या जत्रंत सिद्धेश्वराला जातो. तेवडी एक सोड की."

त्यानं सोडली. बाकीची सगळी पांढऱ्या द्राक्षांची बाग खुंटापर्यंत कापून झाली होती. व्यापाऱ्यांना आता काळीच जात हवी होती. कापलेल्या खुंटांतून पाणी ठिबकत होतं आणि चन्नम्माला ते बघवत नव्हतं. तरी त्या खुंटांवर नव्या जातीची कलमं तिनंच बांधली. जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत तिनं हेच केलं होतं. राग आला म्हणून काम टाकणारी ती नव्हती. राग गिळून कलम आणखी घट्ट बांधणारी होती.

कलमं फुटायच्या बेतात आली तशी तिनं शेण, गोमूत्र, गूळ कालवून स्लरी आंबत घातली. ड्रम शेजारच्या बसवराजकडून मागून आणला आणि पाण्यानं विसळून घेतला. सोमवारी पहिली बादली रिवाजाप्रमाणं देवाच्या वेलीला घातली. कलमांना पानं आली की त्यांनाही द्यायची होती.

गुरुवारी सकाळी ती विहिरीकडं गेली आणि जागीच थांबली. वेलीचे कोवळे शेंडे खाली वळले होते. पानं मुठीसारखी आवळली होती. मागं बागेत शिवकुमार ड्रममध्ये बादली बुडवत होता.

"थांब. हात लावू नको त्येला."

"का? कलमं लई झकास फुटल्यात."

"बसवराजनं ह्या ड्रमात काय कालवलं व्हतं?"

शिवकुमारनं बादली हळूच खाली ठेवली. "उसाचं तणनाशक."

दोघांनी ड्रम ढकलत लांब पडीक रानात नेला आणि खड्ड्यात रिकामा केला.

"अव्वा, हिच्या काड्या काढून दुसरीकडं लावू?"

"इख चढलंय. न्हाय जगायच्या." चन्नम्माला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही.

"पयली बादली कलमांना घातली असती तर..."

"तशी घालत न्हाय कुनी. पयलं देवाचं."

उन्हं कलल्यावर ती सुतळी घेऊन आली. लोंबणारा एकेक शेंडा उचलून तिनं तारेला बांधला, गड्ड्याला घड धरायचाच आहे अशा बेतानं.