बारवेच्या पायऱ्या

मुलांनो, विद्यापीठातल्या एका काचेच्या कपाटात जुना पितळी सूक्ष्मदर्शक ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. तो मी. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत मी डॉक्टर रेणुकादासांबरोबर बैलगाडीतून बिलोलीकडची गावं फिरत होतो.

एका गावात निम्मी माणसं नारूनं आडवी झाली होती. पायाच्या फोडातून दोऱ्यासारखी लांब अळी निघायची आणि ऐन पेरणीत माणूस महिनाभर उठायचा नाही. गावाला पाणी एकाच बारवेचं. लोक पायऱ्या उतरून, दुखरे पाय पाण्यात बुडवून घागरी भरत. रोग तिथूनच पसरतो, हे डॉक्टरांनी ओळखलं. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायची परवानगी त्यांनी मागितली.

पहिला अर्ज मराठीत आहे म्हणून परत आला. उर्दूतला अर्ज दुसऱ्या खात्याचा ठरला. तिसऱ्याला उत्तरच नाही. दोन पेरण्या गेल्या. मला वाटे, आपल्याला एवढं स्पष्ट दिसतं, त्याचा उपयोग काय?

शेवटी त्यांनी मला बारवेच्या काठावर मांडलं. पायाला चिंधी बांधलेली कस्तुराबाई लंगडत पुढे आली आणि एक डोळा मिटून बघू लागली. पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात नारूची पिलं वळवळत होती.

"डाक्टरसायेब, हे आमी पिऊन राहिलो?"

"हो. अर्ज केलेत, पण हुकूम येत नाही."

"हुकूम कशाला? दगडं गावात हायत की."

आठ दिवसांत बायकांनी पायऱ्या बुजवल्या आणि वर रहाट बसवून घेतला. या वेळी मात्र कचेरीचा कागद लगेच आला. सरकारी बारव बिघडवली म्हणून डॉक्टरांची लातूरकडे बदली झाली. दोन वर्षांनी कस्तुराबाईचा निरोप आला, गावात नारू उरला नाही. डॉक्टर हसले, आणि नव्या गावच्या बारवेसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज लिहायला बसले.

राजवट गेली. पुढे ते या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वैद्यकीच्या मुलांनी तीन महिने खेड्यात राहावं, असा नियम त्यांनी मांडला. समितीनं तो छाटत छाटत एका दिवसाच्या सहलीवर आणला. घरी येऊन ते पत्नीला, उमादेवींना, एवढंच म्हणाले, "पाण्यातला किडा दाखवता येतो. समितीतली ही कीड कशी दाखवू?"

ते गेल्यावर मी या कपाटात आलो. त्यांच्या पुण्यतिथीला कपाटाला हार घालतात, भाषणं करतात. किल्ली कुणाकडे आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे.

मुलांनो, मला हार नको. कुलूप तोडा, भिंगं पुसा आणि मला एखाद्या खेड्यात न्या. मला अजून दिसतं का, ते एकदा बघू द्या.