उजव्या अंगाला झुकलेली गाडी

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचा, गाड्या दुरुस्त करणारा गजेंद्र मिस्त्री माणसाच्या तोंडावरून कधी मत बनवत नसे. तोंड रोज धुतलं जातं, म्हणायचा. गाडीही वरून धुतात, पण खालून कोणी धूत नाही. त्यामुळे चुन्नीलालनं गजेंद्रच्या लेकीसाठी, निशासाठी चिचगडच्या हिमांशूचं स्थळ आणलं तेव्हा पोराचं शिक्षण, देवरीतलं मोबाइलचं दुकान, घरची धानाची शेती हे सगळं गजेंद्रनं एका कानानं ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"गाडी कोनती हाय त्याच्याकडे?"

गाडी होती. ऐंशी-पंच्याऐंशी सालातली जुनी पिकअप, हिमांशूचे वडील गोपीचंद यांच्या हातची. पोरानं तिला काळाभोर रंग दिला होता, रुंद चाकं बसवली होती आणि रायपूरच्या कोण्या मिस्त्रीकडून तिची मागची बाजू वीतभर खाली उतरवून घेतली होती.

"खाली? काऊन?"

"शौक हाय जी पोराचा," चुन्नीलाल म्हणाला. सोयरीक जुळवणारा माणूस, त्याला सगळंच गोड दिसायचं. "असल्या गाड्याईचे मेळे भरतेत म्हनते रायपूरले."

"भार उचलायची गाडी अन् खाली बसवली. हा शौक नोहे, चुन्नीलालभाऊ."

"त्याच्या बाबाचा पाय अधू हाय. खाली असली का चढाले सोपी जाते."

"पाय कायनं अधू झाला?"

"गाडी पलटली होती. लय वर्सं झाली."

"भरलं काय होतं गाडीत?"

"धान, दुसरं काय!" चुन्नीलाल वैतागला. पण गजेंद्रच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. चिचगड म्हणजे चहूकडे जंगल, आणि जंगलाच्या गावातली गाडी पलटली की ती धानानंच भरलेली असते, हे गजेंद्र आयुष्यभर ऐकत आला होता.

मुलीकडचे मुलाचं घर पाहायला जातात. गजेंद्रनं घराऐवजी गाडीच मागवून घेतली. निमित्तही चांगलं मिळालं. त्या रायपूरवाल्यानं एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खालून काढून पाट्यांच्या वर बसवला होता, म्हणून गाडी खाली आली. पण आता एक्सल आणि चेसिसच्या दांड्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर उरलं होतं. रस्त्यात खड्डा आला की एक्सल दांड्यावर आदळायचा. यावर इलाज एकच. एक्सलच्या बरोबर वर दांड्याला अर्धचंद्रासारखी खाच कापायची, भोवती जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करायची आणि पाटे टेकतात त्या एक्सलच्या गाद्या नव्यानं बसवायच्या. तीन दिवसांचं काम. "घेऊन ये म्हना," गजेंद्र म्हणाला, "घरचंच काम समजून करून देतो."

हिमांशू आला. अंगानं बारीक, बोलायला कमी. आल्याआल्या वाकून पाया पडला आणि "मामाजी" म्हणाला. सासऱ्याला म्हणायचा शब्द पोरानं परस्परच वापरून टाकला, ते गजेंद्रला खटकलं.

"मामाजी नोको म्हनू आताच. काकाजी म्हन."

"हो जी, काकाजी."

गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि गजेंद्र मागे जाऊन एक डोळा मिटून बघत राहिला. गाडी उजवीकडे झुकली होती. चांगली दीड बोट. मग तो पोतं टाकून टॉर्च घेऊन खाली शिरला. दांड्यावर एक्सल आदळल्याच्या खुणा होत्या. डावीकडची उथळ, उजवीकडची मात्र पार पत्रा चेपेपर्यंत खोल. कोपऱ्यात लाल माती आणि मातीत अडकलेली झाडाची सालपटं. गजेंद्रचं डोकं भराभर चालू लागलं. भार नेहमी उजवीकडेच ठेवला जातो. म्हणजे तो उघड्यावर नाही, उजव्या पत्र्याच्या आड कुठंतरी लपवून ठेवला जातो. आणि अशी नटवी, चकचकीत गाडी नाक्यावर कोण अडवणार? वनरक्षक उलट तिच्यासोबत फोटो काढून घेईल! सागवान. दुसरं काही नाही.

बाहेर येऊन त्यानं हात पुसले. "गाडी उजव्या अंगाले काऊन झुकते?"

"पयलेपासून झुकते जी."

"कवापासून?"

"बाबा चालवत होते तवापासून." मग हिमांशूनंच विचारलं. "तुमाले काय वाटते काकाजी, काऊन झुकत असन?"

गजेंद्रला राग आला. चोर तो चोर, वर शिरजोर. उलटा प्रश्न विचारून पोरगा आपल्याला किती समजलं ते काढून घेतो आहे, असं त्याला वाटलं. विचारताना पोराची नजर गाडीवर नव्हती, गजेंद्रच्या तोंडावर होती, हेही त्यानं टिपून ठेवलं.

जेवताना त्यानं बायकोला, मंजूला, स्पष्ट सांगितलं. "पोरगा सागवान ओढून राहिला. गाडीच सांगते."

निशा पाणी ठेवायला आली होती. गोंदियाच्या एका पॅथॉलॉजीत ती रक्त तपासायचं काम करायची. एका थेंबावरून निदान सांगणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता.

"पाटे उघडले का बाबा तुमी?"

"पाटे कायले? वरूनच दिसून राहिलं सारं."

"मंग उघडून बोला," ती म्हणाली आणि तांब्या ठेवून आत गेली.

आता गजेंद्रला लेकीचाही संशय आला. हिला पाट्यांचं काय माहीत? या दोघांचं आधीच बोलणं झालेलं आहे, चुन्नीलाल नुसता शोभेचा. त्यानं तिथल्या तिथं फोन लावला. "चुन्नीलालभाऊ, काम हाती घेतलो ते पूरं करून देतो. पन सोयरीक नाही जमत. तिकडे सांगून टाका." पलीकडून चुन्नीलाल बराच वेळ काकुळतीला येऊन बोलत होता. उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, एवढंच त्यानं शेवटी पदरात पाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं दोन्ही दांड्यांना खाचा कापल्या, पट्ट्या वेल्ड केल्या. काम त्यानं मन लावून केलं. रागात असला तरी त्याचा वेल्ड वाकडा जात नसे, आणि त्याचा त्याला अभिमान होता. हिमांशू सकाळीच चिचगडहून बसनं आला होता आणि बाहेर कडुनिंबाखाली स्टुलावर बसून होता. त्याच्यापर्यंत नकार पोचला होता की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दुपारी गाद्या बसवायच्या म्हणून गजेंद्रनं दोन्हीकडचे पाटे उतरवले. त्यांच्यावर ग्रीस, माती आणि काळ्या रंगाचा जाड थर होता. डाव्या बाजूची पाट्यांची जुडी त्यानं टेबलावर घेतली, रॉकेलनं भिजवली आणि तारेच्या ब्रशनं घासू लागला. पाट्याच्या टोकाच्या कानाजवळचा रंग निघाला आणि खाली तीन ठिपके दिसले. एका रांगेत, पंचानं ठोकलेले.

गजेंद्रचा हात थांबला.

हे ठिपके त्याचे होते. गोंदियात दुसरा कोणी मिस्त्री असं करत नाही. इतर लोक दोन्ही बाजूंचे पाटे सारखेच बसवतात. गजेंद्रची पद्धत वेगळी होती: ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डिझेलची टाकीही उजवीकडे, म्हणून उजव्या जुडीला तो दीड बोट जास्त कमान द्यायचा. या अकलेबद्दल त्यानं अनेकांपुढे छाती फुगवलेली. दोन जुड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून उजवीला तीन ठिपके आणि डावीला एक.

आणि इथं तीन ठिपके डावीकडे होते.

त्यानं उजवीकडची जुडी घासली. एक ठिपका. मग त्याला सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी, धान निघायच्या हंगामात, एक निळी पिकअप, लाकडी बॉडीची. कोणी ड्रायव्हर चिचगडहून घेऊन आला होता. त्या दिवशी तीन गाड्या दारात उभ्या होत्या आणि गजेंद्र कोणावर तरी ओरडत ओरडत काम करत होता. उंच कमान डावीकडे गेली, बुटकी उजवीकडे. गाडी त्या दिवसापासून झुकलेली होती. भार नव्हता, सागवान नव्हतं. लाल माती आणि सालपटं तर चिचगडच्या कोणत्याही बैलगाडीला सापडली असती.

आणि गोपीचंदचा पाय? धान भरलेली गाडी, उजवीकडे झुकलेली, आणि कुठलंसं वळण. गजेंद्रला पुढचा विचार करवेना. तो स्टुलावर बसला.

बसल्या बसल्या त्याची नजर ग्राइंडरवर गेली. खोटं कशाला बोला, विचार आलाच. दोन मिनिटांचं काम. ठिपके घासून टाकायचे, जुड्या योग्य बाजूला लावायच्या, गाडी सरळ उभी राहील. दीड बोटाचा फरक कोणाला कळत नाही. उलट पोरगा म्हणेल, वा काकाजी, रायपूरवाल्याला जे जमलं नाही ते तुम्ही केलं. मग नकारही मागे घेता येईल, मोठ्या मनानं.

त्यानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. आणि पोरगा आपले आभार मानतो आहे हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे इतकं लख्ख उभं राहिलं, की त्याला स्वतःचीच किळस आली. त्यानं बटण बंद केलं.

"हिमांशू! इकडे ये बापा."

हिमांशू आला. गजेंद्रनं पाटा त्याच्यापुढे सरकवला. शब्द जड जात होते, पण त्यानं एकही गिळला नाही. ठिपके कोणाचे, कमान कशासाठी, अकरा वर्षांपूर्वी काय झालं, सगळं सांगितलं. "तुया गाडीले मीच झुकवलो. अन् तुयाच डोक्यावर सागवान ठेवलो. चूक माही हाय."

 हिमांशूनं खिशातून मोबाइल काढला, फोटो शोधला आणि टेबलावर ठेवला. फोटोत तोच पाटा होता, तेच तीन ठिपके.

"रायपूरले पाटे उतरवले तवा पायलो. तिथला मिस्त्री म्हने, जुड्या उलट्या बसल्या, हे कोन्या गोंदियावाल्याचं काम हाय. बसवनाराच पाहो म्हनून त्या तश्याच ठेवाले लावलो. बाबाले विचारलो. ते म्हनले, मुर्रीच्या गजेंद्र मिस्त्रीकडे केलतं."

"मंग बोलला काऊन नाहीस?"

"निशा म्हने, नोको बोलू. माहा बाप पाटे उघडन, पायन, अन् स्वतःच सांगन. तो लपवनारा मानूस नोहे." हिमांशूचा आवाज पहिल्यांदा हलला. "बाबा अकरा वर्सं म्हनून राहिले, वळनावर माहाच हात चुकला. त्याईले कोनीतरी सांगाले पायजे होतं. मी सांगतलो असतो तं त्याईले वाटलं असतं, पोरगा समजूत काढून राहिला."

"उद्या मी येतो चिचगडले," गजेंद्र म्हणाला. "मीच सांगतो त्याईले."

हिमांशूनं मान हलवली. मग तो पाट्यावर वाकला. एकदा फोटोकडे, एकदा पाट्याकडे, पुन्हा फोटोकडे. गजेंद्रला ठाऊक होतं तो काय बघतो आहे. फोटोत ठिपके तीन होते. पाट्यावर दोन पूर्ण होते. तिसऱ्याच्या अंगावरून लोखंड ताजं चकाकत होतं आणि ठिपका अर्धाच उरला होता.

 टेबलावरचा ग्राइंडर अजून गरम होता.

"हे बी निशाले सांग," शेवटी गजेंद्र म्हणाला.

"तुमीच सांगा, काकाजी."

गजेंद्रनं पाटा दोन्ही हातांनी उचलला. तो चांगलाच जड होता. घराच्या दारापर्यंत तो तसाच चालत गेला आणि त्यानं लेकीला हाक मारली.