जावेचा नसलेला पाय

तुम्ही मला जावेच्या तुटलेल्या पायाचा हेवा करायला लावलंत. अपंग भत्त्याच्या तपासणीच्या खोलीत टेबलापलीकडे बसणारे तुम्ही तिघे, आणि तुमच्या वर जे कोणी असतील ते. आधी माझ्या पोटात काहीच नव्हतं असं मी म्हणत नाही. जावाजावांत थोडंफार चालायचंच. पण पाय नसण्याचा हेवा कुणी करतं का? मी करते. तुमच्या कृपेने.

मोठ्या जाऊबाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. ट्रकखाली गेला. त्या तुमच्यासमोर एकदाच आल्या, तुम्ही बघितलंत, कागदावर ‘कायमचं’ असं लिहिलंत, विषय संपला. मला सांधेवात. बोटं, मनगटं, गुडघे. आठवडाभर बरी असते, मग एखाद्या सकाळी चमचा उचलवत नाही. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून मला तात्पुरता भत्ता. मुदत संपली की पुन्हा तुमच्या दारात.

घरातही तेच. जाऊबाई आल्या की खुर्ची पुढे सरकते. मी जरा टेकले की सासूबाई विचारतात, “काय गं, आज पुन्हा?” त्या ‘पुन्हा’तच सगळं आलं. माझ्या गोळ्या माझ्या भत्त्यातून येतात, एवढाच काय तो माझा ताठा होता. भत्ता बंद झाला तर गोळ्या जाऊबाईंच्या पैशाने येणार, कारण नवऱ्याचा पगार घरभाड्यातच संपतो. आणि त्यांच्या पैशाची गोळी माझ्या घशाखाली उतरणार नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी माझ्या कुर्त्याला इस्त्री करत होते. शिवणाच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. चुरगळलेल्या कपड्यांत मी उंबरठा ओलांडत नाही. हात त्या दिवशी बरा होता, तरी एक बाही झाली की थांबायचं, बोटं कोमट पाण्यात बुडवायची, मग दुसरी बाही. जाऊबाई कुबडी टेकून दारात उभ्या होत्या.

“लग्नाला चाललीस का?”

“कचेरीत चाललेय, उद्या.”

“मग ते ठेव बाजूला. चुरगळलेलं घाल. केस विंचरू नकोस. काही विचारलं की आधी कण्हायचं, मग बोलायचं.”

“तुमच्यासारखी नाटकं मला जमत नाहीत, जाऊबाई.”

“मला कशाला लागतंय नाटक? माझ्याकडे बघितलं की झालं. तुझं तसं नाही, म्हणून सांगतेय.”

तुझं तसं नाही. झोंबलं मला ते. वाटलं, हिला मी तिथे भिकारणीसारखी जायला हवी आहे. या घरात मानाची अपंग एकच, आणि ती हीच राहायला हवी. मी कॉलर आणखी जोर लावून दाबली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी बोटं वाकवून बघितलीत. त्या दिवशी ती वाकली. मग मधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कपडे छान ठेवता हो. इस्त्री कुणी केली?”

कारखान्यात इतके शर्ट माझ्या हाताखालून गेले, कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “मीच. दुसऱ्याची इस्त्री मला पसंत पडत नाही.”

तुम्ही हसलात. मीही हसले, मूर्खासारखी. कडेला बसलेल्याने लिहून टाकलं, स्वतःची कामं स्वतः करू शकते. त्या एका कुर्त्याला किती वेळ लागला, तो करून झाल्यावर मला भांडं धरता आलं का, हे तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

घरी आले तर जाऊबाई पलंगावर बसलेल्या.

“काय म्हणाले?”

“बरी झालेय म्हणाले. भत्ता बंद.”

“वा. मग उद्यापासून माझेही कपडे टाकत जाईन तुझ्याकडे.”

दोन दिवसांनी सकाळी डोळे उघडले तर हात उशीवरून उचलेना. बोटं सुजून एकमेकींना चिकटलेली. नवरा कामाला गेलेला. गोळ्यांचं पाकीट हातात धरवेना, गोळी बाहेर काढणं तर लांबच. जाऊबाई कुबडी टेकत आल्या, गोळी काढून माझ्या जिभेवर ठेवली, भांडं ओठाला लावलं. मी गिळली. माझ्या भत्त्यातली ती शेवटची पट्टी होती.

“आत्ता बघायला पाहिजे तुला त्या लोकांनी,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोरच तुमच्याकडे फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला.

“फेरतपासणी हवी आहे. तिची अवस्था आत्ता वाईट आहे.”

“पेशंटला समक्ष आणा,” तुमचा माणूस म्हणाला.

“अहो, तिला उठता येत नाही.”

“मग उठता येईल तेव्हा आणा.”

“उठता आलं की तुम्ही बरी म्हणता.”

“बाई, तुम्ही कोण? तुम्हाला काय होतंय? मग मध्ये कशाला बोलता?”

फोनवर जाऊबाईंचा गेलेला पाय दिसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी कुणी माझ्याशी बोलतात तसं बोललं. त्यांचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? गोळी त्यांच्या हातची गिळली होती, तरीही बरं वाटलं.

त्यांनी फोन ठेवला. “आता?” म्हणाल्या. पुढच्या गोळ्या त्यांनी मला न विचारता मागवल्या.

म्हणून हे तुम्हाला विचारते. येऊ शकते त्या दिवशी मी बरी असते, आणि आजारी असते त्या दिवशी येऊ शकत नाही. अशा दिवशी तुमच्यातला एक तरी माणूस माझ्या अंथरुणापाशी येऊन हे हात बघणार आहे की नाही? नियम, परिपत्रक, वरिष्ठ, काही सांगू नका. येणार की नाही, तेवढं सांगा.