चाकाखालून दाराखाली

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. ठोकळ्यालाही आयुष्य असतं आणि माझं तर चांगलं डोंगरात गेलं आहे. पर्यटकांना फिरवणारी सोळा सीटची एक गाडी आहे, तिच्याबरोबर मी असतो. गाडी चढावर थांबली की मला मागच्या चाकाला उटी म्हणून लावायचे, म्हणजे चाकाखाली घट्ट सारायचे. मग गाडी मागे घसरत नसे. लोक डोंगराचे फोटो काढतात, गाडीचे काढतात, रस्त्यात आडव्या आलेल्या बकरीचेसुद्धा काढतात. माझा आजवर एकही निघालेला नाही. असो.

मला एका सुताराने घडवलं. मोडीत निघालेल्या पुलाची तुळई त्याच्याकडे पडून होती. तिचा हातभर तुकडा त्याने कापला, पुढच्या बाजूला चाकापुरता उतार दिला आणि मागची बाजू सपाट ठेवली. मग एक भोक पाडून त्यात जाड दोरी ओवली. गाडीचा ड्रायव्हर त्याचा मेहुणा. सुताराची मुलगी त्याच गाडीवर गाइड आहे. ती ड्रायव्हरला मामा म्हणते, म्हणून येणारे सगळे पर्यटकही त्याला मामाच म्हणतात. साठीचे गृहस्थसुद्धा म्हणतात.

अकरा वर्षं मी चाकाखाली काढली. डोंगरातलं फिरणं कसं असतं, ते मला विचारा. पहिल्या दिवशी सगळे गाणी म्हणतात. दुपारपर्यंत निम्म्यांना गाडी लागते. मग गाणी बंद आणि लिंबू हुंगणं सुरू. मागून कुणीतरी विचारतं, "मामा, अजून किती किलोमीटर?" मामा म्हणतो, "इथे किलोमीटर विचारू नका. वळणं विचारा. एकशेचाळीस राहिलीत." पुन्हा कुणी विचारत नाही.

दर थांब्याला मामा खाली उतरायचा, मला चाकाखाली सारायचा आणि बुटाने दोन टोले द्यायचा. म्हणायचा, "हा आहे म्हणून मी निवांत चहा पितो." मी फुशारून जायचो. त्या कौतुकाने घोटाळाच होणार होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

एका सहलीत एक साहेब आपल्या आईला घेऊन आले होते. साहेबांना फोटोंचं भारी वेड. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांना आयुष्यात एकदा बर्फ बघायचा होता, तेवढ्यासाठी आल्या होत्या. पण गाडीची पायरी उंच होती. साहेब दर थांब्याला म्हणायचे, "आई, तू बस गाडीतच. खिडकीतून सगळं दिसतंय." आजी म्हणायच्या, "दिसतंय, दिसतंय." त्यांची खिडकी पार्किंगच्या बाजूला होती. तिथून बहुतेक दुसऱ्या गाड्याच दिसत.

तिसऱ्या दिवशी आम्ही घाटमाथ्यावर पोहोचलो. इंजिन तापलं होतं. ते निवावं म्हणून मामाने गाडी चालूच ठेवली, न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक ओढला, मला चाकाला लावलं आणि कॅन घेऊन तो नळावर पाणी आणायला गेला. भाची बाकीच्यांना कठड्याजवळ घेऊन गेली. आजी एकट्या गाडीत होत्या. गाडीच्या मागे वीस पावलांवर वळण होतं. तिथला कठडा दरड पडून तुटला होता आणि त्या जागी नुसती दोन रिकामी पिंपं ठेवली होती.

साहेबांना पाठीमागे शिखर घेऊन स्वतःचा फोटो हवा होता, पण कठडा मध्ये येत होता. पायाखाली घ्यायला काहीतरी शोधत ते गाडीमागे आले आणि त्यांना मी दिसलो. "अरे वा, बरं सापडलं!" हाताने मी निघेना, तेव्हा टाचेने ठोकून त्यांनी मला काढलं, कठड्यापाशी नेलं आणि वर उभे राहिले.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. अकरा वर्षं नुसतं रबर बघितलेलं. पहिल्यांदाच दरी दिसली, नदी दिसली. मी कुठे असायला हवं होतं, याचा मला साफ विसर पडला.

इतक्यात गाडीच्या खिडकीतून आजींचा आवाज आला, "अरे, थांबवा! माणसं राहिली ना खाली!" त्यांना वाटलं, सहल पुढे निघाली. गाडी हळूहळू मागे घसरत होती.

भाचीने वळून पाहिलं, मग साहेबांच्या पायाखाली पाहिलं. तिने माझी दोरी अशी हिसडली की साहेब बदकन बसले. ती धावत सुटली. गाडीच्या बाजूने पळत तिने मला चाकामागे टाकलं. चाकाने मला उडवून लावलं. तिने पुन्हा ओढून टाकलं. या वेळी मी रस्त्याला धरलं. चाक माझ्या उतारावर चढलं, मला फरफटत नेलं आणि उताराचा सगळा भाग कडकन तुटला. मग चाक माझ्या मागच्या जाड बाजूवर आदळलं आणि थांबलं. गाडीच्या मागच्या टोकाचा धक्का लागून एक पिंप गडगडत दरीत गेलं. ते खाली पोहोचल्याचा आवाज फार उशिरा आला.

मामा धापा टाकत आला. गाडीत चढून त्याने ब्रेक दाबला, गिअर टाकला, मग चारी चाकांना मोठे दगड लावले.

भाची साहेबांवर कडाडली, "ठोकळा काढलात? आत तुमची आई बसलीय, आई!"

"त्यांना बोलू नकोस," मामा म्हणाला. "हँडब्रेक महिनाभर ढिला आहे. ठोकळा आहे ना, म्हणून मीच चालवून घेतलं. चूक माझी आहे."

साहेब उठून गाडीच्या दाराशी आले. आतून आजी म्हणाल्या, "मला आधी खाली उतरवा. आता कुणी बस म्हणालं तर ऐकायची नाही मी."

पायरी उंच होती. मामाने मला चाकाखालून ओढून दाराखाली ठेवलं. साहेबांनी हात दिला. आजींचे कापरे पाय माझ्यावर टेकले, मग जमिनीवर. कठड्याला धरून त्यांनी समोर पाहिलं.

"अगं बाई, तो बर्फ होय?" त्या म्हणाल्या. "तीन दिवस मला वाटत होतं, अजून यायचाय."

साहेब सगळ्यांसमोर रडले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा फोटो काढला नाही.

मामाने फोन करून दुसरी गाडी मागवली आणि हँडब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय आपल्या गाडीची किल्ली फिरवली नाही. चाकासाठी सुताराने नवा ठोकळा करून दिला. माझा उतार गेल्यामुळे मी चाकाच्या कामाचा राहिलो नाही. आता मी गाडीची खालची पायरी आहे. कधी सीटखाली ओल्या फडक्यांत दोन-दोन दिवस विसरतात, तेव्हा राग येतो. लाकूड आहे मी, भिजलो तर कुजेन. एवढं एक सांभाळलंत तर उपकार होतील.

आणि मित्रांनो, डोंगरात फिरायला जाल तेव्हा चाकाखालच्या वस्तूला हात लावू नका, आणि ती आहे म्हणून ब्रेक ढिला ठेवू नका. आणखी एक. गाडीतून उतरून चार पावलं गेलात की मागे वळून खिडक्यांकडे बघा. आत कुणी बसून राहिलं असेल, तर परत या. पायरीचं मी बघतो. हात मात्र तुम्हीच द्यायला हवा.