रुसलेल्या डिस्का

त्या सोमवारी शहापुरातल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णाच्या ऑफिसच्या दारात चपलांचा ढीग, जिन्यावर नारळाचं पाणी, वर टाळांचा गजर. ज्यांना आत शिरता आलं नव्हतं ते समोरच्या साडीच्या दुकानाच्या पायरीवर चढून माना ताणत होते.

आत देव आला नव्हता. काचेच्या खोलीत टेबलावर एक काळी पेटी होती, पिठाच्या डब्याएवढी. तिला झेंडूचा हार घातला होता. वारा खेळावा म्हणून तिच्या पाठीला जाळी असते, त्या जाळीत कुणीतरी मनोभावे कुंकू भरलं होतं.

पेटीत चार खण, प्रत्येक खणात एक डिस्क. ऑफिसातले सगळे संगणक तिला जोडलेले, आणि जे काही काढलं जाई ते तिच्यात साठे. माझा थोरला भाऊ मारुती, म्हणजे आमचा अण्णा, साड्यांच्या नक्ष्या करतो. काठ, पदर, बुट्टी. तो फाइल देतो आणि गल्लीतल्या मागांवर ती विणली जाते. आमचे वडीलही नक्षीकारच. त्यांनी जन्मभर चौकटीच्या कागदांवर काढलेल्या नक्ष्यांना वाळवी लागायला लागली, तेव्हा अण्णानं एकेक कागद संगणकात घेतला. नंतर मूळ कागद वाळवीनं खाल्ले, तरी अण्णा निर्धास्त होता. सगळं पेटीत होतं.

आणि ती पेटीच मेली. चारातले दोन दिवे लाल झाले आणि एकही नक्षी उघडेना. लग्नसराई तोंडावर, आणि निम्म्या गल्लीचे माग गप्प.

मी रूपाली. कंग्राळीला दिलंय मला. बेळगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. मला बोलावलं ते अण्णानं नव्हे. फोन आला त्याच्या मुलीचा, पाचवीतल्या सौम्याचा.

“आत्या, पळत ये गं! महाराज पेटीला अंघोळ घालायची म्हणत्यात!”

मी पोचले तोवर अंघोळीला अण्णानंच नकार दिला होता. तेवढी बुद्धी त्याच्याजवळ शिल्लक होती. बाकी सगळी त्यानं यंत्रानंद महाराजांच्या पायाशी ठेवली होती.

महाराज पेटीसमोर पाटावर बसले होते. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेला मध्यभागी एक पेनड्राइव्ह. शेजारी मष्णू नावाचा शिष्य. त्याच्या गळ्यात एक पाटी लटकत होती, आणि पाटीवर मोबाईलनं दक्षिणा पाठवायचा चौकोन.

“बाळांनो,” महाराज म्हणाले, “डेटा मरत नसतो. डेटा रुसतो! तुम्ही क्लाउड क्लाउड म्हणता. क्लाउड म्हणजे काय?”

“ढग!” कुणीतरी ओरडलं.

“ढग कुठं असतो?”

“आभाळात!”

“आणि आभाळात कोण असतो?”

“देव!” सगळी गल्ली एका सुरात म्हणाली.

“मग झालं तर! चार डिस्का म्हणजे चार पुरुषार्थ. धर्म आणि मोक्ष जागेवर आहेत. अर्थ आणि काम रुसलेत.”

नक्ष्या बंद पडून अर्थ आणि काम दोन्ही थांबलेच होते. त्यामुळे लोकांना हे लगेच पटलं.

महाराजांची कीर्ती निपाणीहून आली होती. तिथल्या एका एक्स-रे सेंटरमधली अशीच मेलेली पेटी त्यांनी नुसता हात ठेवून जिवंत केली, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. मीही पाहिला होता. महाराज पेटी बंद करायला लावतात, वर भगवं वस्त्र टाकतात, वस्त्राखाली हात घालून मंत्र म्हणतात. पेटी चालू होते, दिवे हिरवे होतात, आणि पडद्यावर कुणाच्या तरी बरगड्या दिसतात. जयजयकार.

मला वाटलं, ह्या माणसाच्या अंगठीत चुंबक असणार. मी शाळेतलं होकायंत्र पर्समध्ये घालूनच आले होते. नमस्काराला वाकल्यासारखं करून ते त्यांच्या हाताजवळ नेलं. सुई जागची हलली नाही. मष्णूनं मात्र मला पाहिलं.

“महाराज, ह्या ताई दिशा शोधत्यात,” तो म्हणाला.

“माझ्या पायापाशी आली, म्हणजे दिशा सापडली तिला,” महाराज म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले. अण्णाही हसला. माझा चेहरा पडला.

मग महाराजांनी फर्मान काढलं. गुरुवारी पेटीचा पुनर्जन्म. “मी इकडे हात ठेवीन, मष्णू संगणकावर बसेल. पेटी विचारेल, सगळं नव्यानं सुरू करू का? आपण म्हणायचं, हो. चारी दिवे हिरवे होतील. नक्ष्या मग ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे येतील.”

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. मी गच्चीवर जाऊन स्वरूपला फोन लावला. स्वरूप माझा जुना विद्यार्थी, बिघडलेल्या डिस्कांमधला डेटा काढून देणं हाच त्याचा व्यवसाय. टिळकवाडीत त्याचं दुकान आहे.

“टीचर, काय सांगताय?” तो जवळजवळ किंचाळला. “हो म्हटलं की पेटी सगळं पुसून नव्यानं मांडणार. दिवे हिरवे होतील, पण आत काही उरणार नाही. तिला हात लावू देऊ नका. आधी बंद करा. मी बघून सांगतो, पण खात्री देत नाही.”

मी खाली येऊन अण्णाला सांगितलं. तो माझ्यावरच उखडला.

“तुझा तो स्वरूप म्हणतोय, बघून सांगतो, खात्री देत न्हाय. महाराज खात्री देत्यात! निपाणीत झालंय की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तू काय होकायंत्र घेऊन फिरतीस?”

“अण्णा, बाबांच्या नक्ष्या जातील रं.”

“गेल्यात त्या!” तो ओरडला. “माझ्या हातनं गेल्यात. महिनाभर पेटी पीप-पीप करत होती. वैताग आला म्हणून बटण दाबून मीच गप्प केली. आता आईला काय तोंड दाखवू?”

एक डिस्क महिन्यापूर्वीच गेली होती, आणि पेटी तेच ओरडून सांगत होती. तिकडे दुर्लक्ष झालं आणि उन्हाच्या तडाख्यात आता दुसरीही गेली. ह्यात ना रुसवा होता ना कोप. पण अण्णा घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला ‘बघू’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘होणारच’ म्हणणारा जवळचा वाटतो. बुवांचं सगळं दुकान एवढ्यावर चालतं.

पेटी बंद करून वायर काढायला तरी तो कबूल झाला. मी निपाणीच्या त्या एक्स-रे सेंटरला फोन केला. डॉक्टर प्रिया बोलल्या. महाराजांना बोलावलं होतं ते त्यांच्या सासऱ्यांनी, रायगोंडाआप्पांनी. त्या स्वतः त्या दिवशी कोल्हापूरला होत्या.

“परत आले तर सगळीकडे गुलाल,” त्या म्हणाल्या. “मला पटलं नव्हतं, पण आमचे एक्स-रे मिळाले होते. वाद कशाला घालू?”

“पेटी बंद पडायच्या आधी तिला कुणी हात लावला होता का?”

“आदल्या दिवशी यूपीएसची बॅटरी बघायला एक जण आला होता. पेटी बंद करावी लागेल म्हणाला. आम्ही बोलावलं नव्हतं, मला वाटलं कंपनीनंच पाठवला. चेहरा लक्षात आहे माझ्या.”

“गुरुवारी शहापूरला याल?”

“येते,” त्या म्हणाल्या. “माझ्या पेशंटांशी खेळ झाला असेल तर मला बघायचंच आहे.”

गुरुवारी गर्दी दुप्पट. आई, यशोदाबाई, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, मांडीवर वडिलांचा फोटो. महाराज हात धुऊन तयार. मी पुढं झाले.

“महाराज, आधी आमच्या सौम्याची एक छोटी पूजा होऊ दे. लहान आहे, हौस आहे तिला.”

लहान मुलीला नाही कोण म्हणणार? मी बोलावून घेतलेल्या स्वरूपनं त्याच्या दुकानातली तसलीच एक पेटी टेबलावर ठेवली. तिच्यात सौम्याचे गॅदरिंगच्या नाचाचे फोटो होते. पेटी चालू केली. दोन दिवे लाल, फोटो गायब. सगळ्यांनी बघून घेतलं.

“पेटी झोपवा,” सौम्यानं हुकूम दिला. स्वरूपनं ती बंद केली. सौम्यानं वर अण्णाचा टॉवेल टाकला, खाली दोन्ही हात घातले आणि डोळे मिटून घुमायला लागली.

“ह्रीं क्लीं वायफाय! रुसलेल्या डिस्का, घरी या!”

लोक हसले. पण पेटी चालू झाली, चारी दिवे हिरवे झाले आणि पडद्यावर नऊवारीतली सौम्या दिसली, तेव्हा हसू थांबलं. मागून एक आजोबा हात जोडून म्हणाले, “पोरीच्या अंगात आलं!”

“न्हाय ओ आजोबा,” सौम्या टॉवेल उचलत म्हणाली. “हे दोन खण आधीच नखभर बाहेर ओढून ठेवलते. टॉवेलाखाली आत ढकलले. तुम्ही बी करा, या.”

आजोबा खरंच आले. त्यांनी खण ओढला, ढकलला, पेटी चालू करवली, आणि दिवा हिरवा झाल्यावर त्यांना स्वतःच्याच हाताचं एवढं नवल वाटलं की ते तो हात उलटा-पालटा करून बघत राहिले.

तेवढ्यात प्रिया डॉक्टर मष्णूसमोर उभ्या राहिल्या.

“तुम्ही यूपीएसवाले ना? निपाणीत आमच्याकडं आलता. तेव्हा दाढी नव्हती.”

मष्णूनं आधी महाराजांकडं पाहिलं, मग दाराकडं. दारात माणसं गच्च भरली होती.

“मी आपणहून न्हाय केलं ओ,” तो पुटपुटला. “महाराज म्हणाले, दोन खण नखभर ओढून ये, कुणाचं काय नुकसान होत न्हाय. म्हणून गेलतो.”

“कलियुग!” महाराज गरजले. “शिष्यही फितूर झाला!”

“असू दे फितूर,” मी म्हटलं. “अण्णाच्या पेटीचे खण घट्ट बसलेत, सगळ्यांनी हात लावून बघा. ह्यातली एक नक्षी दाखवा महाराज. एकच. मी आत्ता तुमच्या पाया पडते.”

“जिथं परीक्षा, तिथं शक्ती थांबत नसते,” महाराज म्हणाले आणि उठून कफनी सावरायला लागले.

दोघे-तिघे बाह्या सरसावून पुढं आले. पण आईनं हात वर केला. “कुणी अंगाला हात लावायचा न्हाय. डॉक्टरीणबाईंना पोलिसांत काय सांगायचं ते सांगू दे.” मग ती अण्णाकडं वळली. “मारुती, ते नव्यानं सुरूबिरू काय करू नको. तुझ्या बाबांचा हात हाय रं त्यात. ह्या पोराला बघू दे. आलं तर आलं.”

अण्णानं मान हलवली आणि जाळीतलं कुंकू रुमालानं टिपायला लागला.

स्वरूपनं मग ऑफिसातल्या फळ्यावर चार आकडे लिहून दाखवले. तीन डिस्कांवर सात, पाच आणि चार. चौथीवर त्यांची बेरीज, सोळा. “ह्यातला कुठलाही एक पुसा, बाकीच्या तिनांवरून तो काढता येतो. पेटी आत असाच हिशेब ठेवते. म्हणून एक डिस्क गेली तरी काम चालतं. दोन गेल्या की हिशेब अडतो. त्या दोनांतली एक जरी मी वाचू शकलो, तरी सुटेल. आणि नाही वाचू शकलो, तर कुठल्याही मंत्रानं सुटणार नाही.”

त्यानं मूळ डिस्कांवर काम केलंच नाही. प्रत्येकीची आधी नव्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल काढली. महिन्यापूर्वी गेलेली डिस्क तशीही शिळी होती, तिच्यात नंतरचं काहीच नव्हतं. नंतर गेलेली दुसरी मधेमधे अडकत होती, पण हळूहळू वाचता येत होती. ह्या कामाला आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागला. अण्णा रोज संध्याकाळी टिळकवाडीला जाऊन काचेबाहेर बसायचा. स्वरूपनं एकदाही ‘होणारच’ म्हटलं नाही. रोज जेवढं झालं तेवढंच सांगितलं.

बहुतेक नक्ष्या परत मिळाल्या. काही अर्ध्याच उघडल्या, काही कायमच्या गेल्या. वडिलांची पहिली नक्षी पडद्यावर आली तेव्हा कोपऱ्यातली लाल पेन्सिलीची खूण सुद्धा दिसत होती. ‘काठ एक घर खाली घ्या.’ अण्णानं ते मोठ्यानं वाचलं आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसला. आता त्याच्याकडं सगळ्याची दुसरी प्रत आहे, आणि ती आईच्या खोलीत, ऑफिसपासून लांब असते.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण गेल्या रविवारी बोरगावहून एक गृहस्थ माझ्या कंग्राळीच्या घरी आले. हातात नारळ, कडेवर कापडात गुंडाळलेली काळी पेटी. दारातच वाकायला लागले.

“बाई, तुमच्या हाताला गुण हाय म्हणत्यात. कुठला वार पाळायचा?”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि नारळ परत त्यांच्या हातात ठेवला. वार कुठलाच नाही, म्हटलं. पेटी बंद ठेवा, चालू करून बघत बसू नका, आणि ज्याला हे काम येतं त्याच्याकडे न्या. तो काय करतोय ते त्याला विचारा. विचारल्यावर जो समजावून सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवा. जो रागावेल, त्याच्याकडून पेटी उचलून घरी आणा. मग तो बुवा असो, इंजिनिअर असो, नाहीतर मी असो.

गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चहा संपवला. जरा वेळ घुटमळले, मग म्हणाले, “मग बाई, विचारतोच. ह्या डिस्का मरत्यात तरी कशानं?”

मी कोपऱ्यातला शिकवणीचा फळा पुढं ओढला.